सही एकाची, बांधिलकी दुसऱ्याची

मामाच्या ओटीवर भिंतीतल्या खिळ्याला एक तार अडकवलेली असते आणि तिच्यात हंगामाच्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, ओवलेल्या असतात. टोमॅटो संपला की तो ती तार तशीच माझ्या हातात देतो, कारण घरात हिशेबाचं काम करणारा मी एकटा. यंदा त्यातली एक पट्टी त्याने वेगळी काढून ठेवली होती. ६० कॅरेट, भाव, खाली वजाबाकी: हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि शेवटच्या ओळीत ‘उचल वजा’. माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव मात्र कागदावर कुठेच नाही.

“ह्याच्यात माल विकला कुणी? मी का अडत्यानं?” मामाने विचारलं. अडत्या म्हणजे बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ. प्रश्न उगाच नव्हता. एका खरेदीदाराने आठवडाभराच्या मालाचे पैसे थकवले होते आणि अडत्याचं म्हणणं होतं, “त्यानं दिले की देतो, मी काय घरातले देऊ?”

मी म्हटलं, “माल तू विकलास, मामा. अडत्याच्या तोंडून विकलास, एवढंच.” त्यावर तो दोन दिवस घुमत होता. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातलं दहावं प्रकरण, कलम १८२ ते २३८, हे सगळं एजंटाबद्दल आहे. दुसऱ्यासाठी एखादं काम करायला किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना दुसऱ्याच्या वतीने उभं राहायला नेमलेला तो एजंट, आणि ज्याच्यासाठी तो हे करतो तो त्याचा मालक. कायद्याच्या मराठी पुस्तकांत एजंटाला ‘अभिकर्ता’ म्हणतात. हा शब्द मी बाजारात कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही, तेव्हा इथे एजंट आणि मालकच म्हणू. कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. पेशवाईत परक्या दरबारी बसून धन्याच्या वतीने बोलणाऱ्याला ‘वकील’ म्हणत. आजही कोर्टातल्या वकिलाला आपण सही करून देतो ते वकीलपत्र, म्हणजे ‘माझ्या वतीने बोल’ असा अधिकारच.

यात माणसं तीन असतात, पण करार होतो मालक आणि तिसरा माणूस यांच्यात. एजंट मधे उभा राहतो, दोघांना जोडून देतो आणि सर्वसाधारणपणे बाजूला होतो. ठरलेला माल दिला नाही तर तिसरा माणूस मालकाला कोर्टात खेचतो, आणि मालक त्याला. एजंट नेमणारा सज्ञान आणि शुद्धीवरचा असावा लागतो. खुद्द एजंट मात्र वयाने अज्ञान असला तरी चालतो. पंधरा वर्षांच्या पोराला तुम्ही घाऊक दुकानात पाठवलंत आणि त्याने सांगितल्याप्रमाणे माल उचलला, तर बिल तुमच्यावर चढतं. पोराने घोटाळा केला तर भरपाईसाठी त्याला धरता येत नाही, हा धोका पाठवणाऱ्याचा. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही: एजंटाला मोबदला मिळायलाच हवा असं नाही. ‘मी फुकट केलं, मला कशाला बोलता?’ असं म्हणून मेहुण्याला सुटता येत नाही. फुकटचा असला तरी तो एजंटच.

आता अधिकाराकडे. कागद करून दिलेला असेल किंवा तोंडी सांगितलेलं असेल, तर प्रश्न सोपा. धंद्यात बहुतेक वेळा असं काहीच नसतं, वहिवाटीने अधिकार येतो. कायद्यातलंच उदाहरण घ्या. एका माणसाचं दुकान श्रीरामपूरला आहे आणि तो स्वतः कलकत्त्याला राहतो. (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे.) दुकान बघणारा माणूस नेहमी एका व्यापाऱ्याकडून मालकाच्या नावावर माल मागवतो, मालकाच्या पैशातून बिलं भरतो, मालकाला हे माहीत आहे. कागद एकही नाही, तरी दुकानासाठी माल मागवण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, असं कायदा मानतो. आपल्याकडच्या दुकानात वीस वर्षं गल्ला सांभाळणारे ‘अण्णा’ नेमके याच खात्यात बसतात.

मालकाने आतून वेगळं बजावलं असेल तर? समजा तुम्ही विक्रीसाठी माल दिला आणि कानात सांगितलं, ‘अमुक भावाखाली द्यायचा नाही.’ एजंटाने खाली दिला. घेणाऱ्याला तुमच्या कानगोष्टीचा पत्ता नव्हता. व्यवहार तुमच्यावर बंधनकारक आहे. एजंटाशी भांडा, त्याच्याकडून नुकसान मागा, पण घेणाऱ्याकडून माल परत मागता येणार नाही. कलम २३७ चं सूत्र असं की तुमच्या वागण्या-बोलण्याने लोकांचा समज झाला असेल की या माणसाला अधिकार आहे, तर तो समज तुमच्या अंगावर येतो.

पण समज मालकाच्या वागण्यातून झालेला हवा. नुसत्या एजंटाच्या वागण्यातून झालेला चालत नाही. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण त्याने घरं बसली आहेत. सर्वोच्च न्यायालयात १९९७ साली निकाल लागलेलं आयुर्विमा महामंडळाचं प्रकरण घ्या. विमेदाराने हप्त्याचा बेअरर चेक, म्हणजे घेऊन येईल त्याला पैसे मिळतात असा चेक, एजंटाला दिला. एजंटाने तो वटवून पैसे स्वतःकडे ठेवले. दोन महिन्यांनी विमेदार अपघातात गेला, आणि हप्ता महामंडळात भरला गेला तो मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. घरच्यांचं म्हणणं साधं होतं: एजंट तुमचा, त्याला दिले म्हणजे तुम्हाला दिले. न्यायालयाने ते मानलं नाही. महामंडळाच्या एजंटांसाठीच्या नियमांत हप्त्याचे पैसे गोळा करायला स्पष्ट मनाई होती, आणि महामंडळाने स्वतः असं काही केलं नव्हतं की लोकांनी याला पैसे घ्यायचा अधिकार आहे असं समजावं. म्हणजे पॉलिसी मिळवून देण्यापुरता तो महामंडळाचा एजंट. पैसे नेऊन भरण्यापुरता तो विमेदाराचाच निरोप्या ठरला.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच न्यायालयापुढे उलटं चित्र आलं. दिल्लीच्या वीज उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याचा हप्ता पगारातून कापायची योजना होती. कापून महामंडळाला पाठवायची जबाबदारी कार्यालयाची होती. हप्ते पोहोचलेच नाहीत, कर्मचारी वारला, पॉलिसी बंद पडल्याचं सांगून महामंडळाने हात वर केले. इथे मात्र विधवेच्या बाजूने निकाल लागला. योजनाच महामंडळाने अशी आखली होती की कर्मचाऱ्याचा महामंडळाशी थेट संबंध येत नव्हता, त्याच्यासाठी कार्यालय म्हणजेच महामंडळ. त्यामुळे पैसे घेण्यापुरतं कार्यालय महामंडळाचं एजंट मानलं गेलं. दोन्ही प्रकरणांत हप्ता वेळेत महामंडळापर्यंत पोहोचला नाही आणि माणूस गेला. निकाल मात्र वेगवेगळे, कारण मधला माणूस त्या कामापुरता कुणाचा होता याचं उत्तर वेगळं निघालं.

बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे घरीच पैसे देऊन ‘तेवढे खात्यात भर’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. १९७८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असा कर्मचारी खातेदाराचा ओळखीचा म्हणून पैसे घेतो, बँकेचा नोकर म्हणून नव्हे. त्याने पासबुकात खोट्या नोंदी करून पैसे खाल्ले तरी बँक देणं लागत नाही.

मामाकडे परत येऊ. एजंटाने कसं वागायचं याची कलमं मला या प्रकरणात सगळ्यांत जिवंत वाटतात, कारण ती थेट बाजारातली आहेत. मालकाने सांगितलं असेल तसं करायचं. काही सांगितलं नसेल तर त्या गावी त्या धंद्यात जो रिवाज असेल त्याप्रमाणे. उधारीचा रिवाज नसलेल्या धंद्यात दलालाने माल उधार दिला, तेव्हा घेणाऱ्याची पत उत्तम होती, पण पैसे देण्याआधीच त्याचं दिवाळं वाजलं. हे कायद्यातलंच उदाहरण आहे, आणि तिथे नुकसान दलालाने भरून द्यायचं. उधार द्यायचा अधिकार असेल तरी सुटका नाही. घेणाऱ्याच्या ऐपतीची नेहमीची चौकशी न करता माल दिला आणि तो आधीच बुडालेला निघाला, तर भरपाई एजंटाचीच. म्हणजे ‘व्यापाऱ्यानं दिले की देतो’ हे वाक्य अडत्याला इतक्या सहज म्हणता येत नाही. आधी हे पाहावं लागेल की त्या बाजारात रोखीचा रिवाज आहे की उधारीचा, आणि उधार दिलं तर कुणाला विचारून दिलं. बाजार समितीचा कायदा आणि उपविधी अडत्यावर आणखी जबाबदाऱ्या टाकतात, त्या वेगळ्या. मी मामाला म्हटलं, आधी समितीत लेखी तक्रार दे, करार कायदा खिशात राहू दे.

हिशेब मागितला की दाखवणं हेही एजंटाचं कर्तव्य. यातून माझ्या डोक्यात नेहमी हापूसच्या बाजारातले रुमालाखालचे सौदे येतात. दोन हात, वर रुमाल, बोटं दाबून ठरलेला भाव. रुमालाखाली ठरला तो आणि पट्टीवर उतरला तो भाव एकच होता, हे कोकणात बसलेल्या बागायतदाराला कळणार कसं? खरेदीदाराचं नाव नसलेली मामाची पट्टी त्याच जातीची. नाव नसेल तर तपासणार कुणाकडे?

सर्वांत कडक नियम आहे तो एजंटाने स्वतःच गुपचूप समोरचा पक्ष होण्याबद्दल. तुम्ही ब्रोकरला पुण्यातला फ्लॅट विकायला दिला. तो म्हणाला, बाजार थंड आहे, एक गिऱ्हाईक आहे पण भाव कमी देतंय. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्याच मेहुण्याच्या नावाने तो स्वतः. महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली किंवा व्यवहार तुमच्या तोट्याचा झाला असं दाखवता आलं, तर तो झुगारून देता येतो. तुम्हाला न कळवता त्याने तुमच्या कामातून स्वतःच्या नावावर नफा कमावला असेल तर तो नफा तुम्ही मागू शकता. आणि ज्या कामात त्याने लबाडी केली त्याची दलालीही त्याला मिळत नाही. दोन्हीकडून दलाली घेणं मात्र आपोआप गुन्हा होत नाही. दोघांना ते माहीत असावं, एवढीच अट.

इथे आपल्याकडची एक गंमत आहे. फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्याने ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, म्हणून मामाच्या पट्टीत अडतीची ओळ नाही. शेतकऱ्याचे पैसे वाचले हे खरं. पण माणूस शेतकऱ्याचा आणि मेहनताना देणारा समोरचा, ही रचना मला हिशेबनीस म्हणून अजून थोडी टोचते.

‘उचल वजा’ ही ओळ मात्र कायद्याला धरून आहे. मालकाच्या विक्रीतून आलेल्या पैशातून एजंटाने स्वतः दिलेली आगाऊ रक्कम, केलेला रास्त खर्च आणि आपला मेहनताना कापून घ्यावा, उरलेलं मालकाला द्यावं. देणं फिटेपर्यंत ताब्यातला माल अडवून ठेवायचाही त्याला हक्क आहे. अडवून ठेवायचा, परस्पर विकायचा नव्हे. त्याहून पुढचं कलम २०२. मालावर उचल दिलेली आहे आणि तो विकून आपले पैसे फेडून घे असं सांगून माल ताब्यात दिला आहे, तर मधेच ‘राहू दे, मी दुसरीकडे विकतो’ म्हणता येत नाही. कायद्याने उदाहरण दिलंय कापसाच्या १,००० गाठींचं, आणि ते कालच्या बाजारातलं वाटावं इतकं ताजं आहे. मामाने लगेच विचारलं, “म्हणजे मी जन्मभर त्याचाच?” तसं नाही. तो हक्क ज्या मालावर उचल दिली त्या मालापुरता. अजून रोपंही न लावलेल्या पुढच्या हंगामाचा माल मलाच घाल, असा हक्क नुसत्या जुन्या उचलीतून या कलमाने मिळत नाही. ते साधं कर्ज, कर्जासारखं फेडायचं.

एजंटाने हद्द ओलांडली तर? ५०० मेंढ्या घ्यायला सांगितलं, त्याने ५०० मेंढ्या आणि २०० कोकरं मिळून एकरकमी ६,००० रुपयांना घेतली. किंमत एकत्र ठरल्यामुळे मेंढ्यांचा भाग वेगळा काढता येत नाही, म्हणून मालक सगळाच व्यवहार नाकारू शकतो. वेगळा काढता येत असता तर सांगितल्याएवढा पाळावा लागला असता. अर्थात कोकरं आवडली तर नंतर ‘बरं केलंस’ म्हणून मान्यता देता येते, आणि मग अधिकार पहिल्यापासूनच होता असं धरतात. मात्र सगळं खरं कळल्यावर द्यायची आणि पूर्ण व्यवहाराला द्यायची, फायद्याचा तुकडा उचलून नव्हे.

एजंट कायदेशीर काम करताना खर्चात किंवा दाव्यात पडला तर मालकाने त्याला भरून द्यायचं. गुन्ह्याला ही सोय नाही. एकाने दुसऱ्याला तिसऱ्याला बडवायला सांगितलं आणि ‘पुढचं मी बघतो’ असं कबूल केलं, तरी बडवणाऱ्याला मार खाणाऱ्याची भरपाई द्यावी लागल्यावर ती सांगणाऱ्याकडून मागता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज कायदेपंडितांना हे उदाहरण कुठे सुचलं असेल, याचं मला कुतूहल आहे.

आता मामाच्या पहिल्या प्रश्नाला फाटा फुटतो, कारण ‘अडत्या’ म्हटलं की एजंट असतोच असं नाही. मुंबईच्या जुन्या घाऊक बाजारात कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या असे दोन प्रकार होते. कच्चा दोघांना जोडून देऊन बाजूला व्हायचा. पक्का अडत्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याची मागणी घ्यायचा, ती पुरी करायची हमी स्वतः द्यायचा, आणि वाटलं तर स्वतःच्याच मालातून पुरी करायचा. १९०५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा रिवाज मान्य केला: पक्का अडत्या आपल्या गिऱ्हाइकापुढे स्वतःच पक्षकार असतो, आणि गिऱ्हाईक व तिसरा माणूस यांच्यात करार नसतो. म्हणजे साध्या एजंटाने केलं तर दगा ठरेल असं काम, स्वतःच समोर उभं राहणं, पक्क्या अडत्याचा धंदाच होता. पाटीवर दोघेही अडत्येच.

गॅस एजन्सीचंही तसंच. पाटीवर ‘एजन्सी’, पण एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेल कंपनी आणि वितरक यांचा करार वाचून म्हटलं की इथे दोन स्वतंत्र धंदेवाले आहेत, त्यामुळे वितरकाच्या चुकीसाठी कंपनी बांधली जात नाही. मी अशा वेळी तीन गोष्टी बघतो: माल कुणाच्या मालकीचा, विक्रीचे पैसे आले की ते कुणाचे, आणि बुडीत कुणाच्या माथी. ही तीन उत्तरं मिळाली की पाटीवर काय लिहिलंय याने फार फरक पडत नाही.

मुखत्यारपत्र हा याच नात्याचा स्टँपपेपरवरचा अवतार. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा मुलगा गावच्या घरासाठी काकांना मुखत्यार नेमतो तेव्हा काका त्याचे एजंट होतात, घराचे मालक होत नाहीत. हे सांगायची वेळ येते, कारण मध्यंतरी मुखत्यारपत्रावरच जमिनी ‘विकल्या’ जात होत्या: पैसे रोख, खरेदीखत नाही, फक्त जनरल पॉवर. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा व्यवहाराने मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. खऱ्या मुखत्यारपत्राला त्याने धक्का लागला नाही. काका आजही पुतण्याच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतात. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, आणि नेमकं तेवढंच राहून जातं.

आणि नातं संपतं कधी? काम पुरं झालं, मुदत संपली, मालकाने काढून टाकलं, एजंटाने सोडलं, दोघांपैकी कुणी वारलं किंवा वेडं झालं, मालकाचं दिवाळं निघालं. पण कुणाच्या लेखी संपलं याला तारखा वेगवेगळ्या असतात. एजंटाला कळेपर्यंत त्याच्यापुरतं संपत नाही, आणि तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरतं. पाच टक्के दलालीवर माल विकायला दिला, मग पत्राने अधिकार काढून घेतला. पत्र टपालात असतानाच एजंटाने माल १०० रुपयांना विकला. विक्री पक्की, आणि त्याचे पाच रुपयेही पक्के.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती चौकट तुम्ही पाहिली असेल. वर फोटो, खाली: ‘सदर इसमाचा आमच्या फर्मशी कोणताही संबंध राहिलेला नाही. त्याच्याशी केलेल्या व्यवहारास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ वाचणाऱ्याला ती बदनामी वाटते. ती असते तिसऱ्या माणसाला कळवल्याचा पुरावा. तरी नेहमीच्या व्यापाऱ्यांना वेगळं पत्र आणि पोच हवीच, कारण ते पान त्यांनी वाचलं होतं हे सिद्ध करणं सोपं नसतं. शिवाय त्या माणसाकडची बिलबुकं, लेटरहेड, शिक्का आणि दुकानाच्या नंबरचं सिमकार्ड आधी परत घ्यायचं. माझ्या एका अशिलाने जाहिरात दोन पेपरांत दिली आणि शिक्का मात्र त्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर तसाच होता.